एका फाइलची परवानगी

नांदेडच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अहमदपूरला आईकडं आले, तेव्हा सोबत एक काम आणलं होतं. प्रोग्रॅम न चालवता, नुसता वाचून त्यातल्या चुका दाखवणारं एक छोटं सॉफ्टवेअर होतं. जगभरचे स्वयंसेवक लिनक्स नावाची जी मोफत संगणकप्रणाली चालवतात, तिच्या भांडारात मला ते नीट बांधून, म्हणजे त्याचं पॅकेज करून, ठेवायचं होतं, म्हणजे ते कुणालाही सहज घेता आलं असतं.

दुपारभर कूलर घुमायचा, वाळ्याचा वास यायचा. स्क्रीनवर ओळी वर वर सरकत राहायच्या आणि मला डुलकी लागायची. जाग येई तेव्हा पॅकेज तयार झालेलं असे.

"काय करून राहिलीस गं दिवसभर?" आई विचारायची. ती निवृत्त शिक्षिका.

"चुका दाखवणारं यंत्र लोकांपर्यंत पोचवून राहिले."

"त्याला यंत्र कशाला? मी हाय की."

पॅकेज पाठवलं आणि परत आलं. भांडाराच्या तपासनिसानं एवढंच लिहिलं होतं: चाचणीच्या एका फाइलवर लेखकाचं नाव नाही, वापराचा परवाना नाही. ही कुणाची? ती फाइल म्हणजे चुकांनी भरलेला एक छोटा प्रोग्रॅम होता, सॉफ्टवेअर त्या पकडतं का हे पाहायला ठेवलेला.

जुन्या नोंदी उकरून ती फाइल टाकणाऱ्या गृहस्थांचा ईमेल सापडला. त्यांना लिहिलं. तीन आठवडे काहीच उत्तर नाही. फाइल काढून टाकावी, असं मनात आलं.

"लिहिलं तरी काय होतंस?" आईनं विचारलं. मी दोन ओळी वाचून दाखवल्या.

"ही काय नोटीस हाय? माणूस हाय तो. आधी विचारपूस कर."

मग मी पुन्हा लिहिलं. मी कुठं बसलेय, ऊन किती आहे, हे सॉफ्टवेअर मला का आवडलं, सगळं लिहिलं.

चार दिवसांनी उत्तर आलं, त्यांच्या मुलीचं. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. ती लहान असताना ते तिला प्रोग्रॅम लिहायला शिकवत. "फाइल त्यांनी जपली, पण त्यातल्या सगळ्या चुका माझ्या आहेत. खुशाल वापरा."

मी ती फाइल पुन्हा उघडली. विसरलेला कंस, शून्यानं केलेला भागाकार. ओळी धूसर झाल्या आणि त्यांच्यामागं कुठल्यातरी दूरच्या घरात एक मुलगी टेबलाशी बसलेली दिसली, बाजूला हसणारे वडील. आईला सांगितलं. तिनं वाकून स्क्रीनवरची ती फाइल पाहिली. मग म्हणाली, "दोघांचंबी नाव लिही."

मुलीला विचारून लिहिलं. पॅकेज स्वीकारलं गेलं.

कॉलेज उघडल्यावर पहिल्याच तासाला, प्रयोगशाळेतल्या एका मशीनवर मी त्या सॉफ्टवेअरचं नाव टाइप केलं. क्षणभरात ते भांडारातून मशीनवर येऊन बसलं. मी पुढं काय सांगते म्हणून मुलं वाट पाहत होती. मी मात्र त्या फाइलवरची दोन नावं आठवून थोडा वेळ त्यांच्याकडं पाठ करून उभी राहिले.