विंगरच्या बदल्यात हेडली

सोमवार म्हणजे धुण्याचा दिवस. नोराचे हात कोपरापर्यंत साबणात होते, आणि दुपारपाळीला अजून अवकाश म्हणून हेडली बर्किनशॉ कपडे पिळायच्या यंत्राचा दांडा फिरवत होता. खिडकीचा पडदा मात्र त्याने आधीच ओढून घेतला होता. बायकोचं धुणं पिळताना कोळशाच्या खाणीतल्या कुणी पाहिलं असतं, तर वर्षभराची चेष्टा ओढवली असती.

तेवढ्यात थाप पडली, आणि तीही पुढच्या दारावर.

त्या गल्लीत पुढचं दार डॉक्टर, पाद्री आणि शवपेटी यांच्यासाठीच. बाकीचे मागच्या दाराने, न ठोठावताच घरात शिरत.

"कोण गेलं गं बाई?" नोरा हात पुसत उठली.

कुणी गेलं नव्हतं. रग्बी क्लबचे अध्यक्ष ओल्डरॉइड, पेशाने खाटीक, एका हाताने हॅट छातीशी धरून उभे होते. दुसऱ्या हातात सॉसेजची पुडी.

"सॉसेज आणलेत म्हणजे बातमी वाईटच," नोरा म्हणाली. "या आत."

ओल्डरॉइड खुर्चीच्या काठावर टेकले. "हेडली, पोरा, हॉलगेटवाले तुला मागताहेत. त्यांचा तो मैदानाच्या कडेने पळणारा तरणा विंगर आपल्याला, तू त्यांना."

हॉलगेट ओढ्यापलीकडे, जेमतेम मैलभर. पण तिकडची मुलगी सून म्हणून आली, तर इकडची सासू पहिलं वर्ष फुगूनच असायची.

"अदलाबदल?" नोरा कडाडली. "नवरा आहे माझा, बटाट्याचं पोतं नाही!"

"पोतं असतो तर त्यांनी मला मागितलं नसतं," हेडली म्हणाला.

पंधरा हिवाळे तो या गावासाठी खेळला. पहिल्या सामन्याला तो सकाळची पाळी संपवून थेट खाणीतूनच धावत आला. तोंड धुवायलाही सवड मिळाली नाही. प्रेक्षकांतल्या त्याच्या आईने शेजारणीला विचारलं, "तो काळाकुट्ट कुणाचा गं?" नाक दोनदा मोडलं; दुसऱ्या खेपेला आधीपेक्षा सरळ झालं, असं नोराचं मत. एकदा देशाच्या संघाबरोबर ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी त्याचं नाव चर्चेत होतं. नोराने हौसेने बॅग भरली. नाव काही आलं नाही. मग तीच बॅग घेऊन दोघं ब्लॅकपूलला समुद्र बघून आली, आणि आपण ऑस्ट्रेलियाला जाऊन आलो असं हेडली आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटला.

गेले दोन हिवाळे मात्र तो राखीव संघात होता. पोरं त्याला 'आजोबा' म्हणत.

"इथे पहिल्या संघात आता तुला जागा नाही," ओल्डरॉइड म्हणाले. "तिकडे आहे. नाही म्हणालास तर विषय संपला. सॉसेज ठेवतो आणि निघतो."

हेडलीने दांडा आणखी एकदा फिरवला. यंत्रात कपडा नव्हता.

नोराला ते दिसलं. शनिवारी परगावी राखीव सामना खेळून आला, की आपल्या पहिल्या संघाचं काय झालं हे तो विचारायचा, आणि उत्तर ऐकताना बुटांची नाडी सोडत खालीच बघायचा.

"खेळायचंय ना तुला?" तिने विचारलं.

"हो."

"मग जा. पण त्यांच्या क्लबच्या रंगांचा स्कार्फ मी गळ्यात घालायची नाही. सांगून ठेवते."

"घातलास तर मीच तुला माहेरी पोचवीन."

ओल्डरॉइडांना एकदाचं हसू फुटलं. "पहिलाच सामना येत्या शनिवारी आहे. इथे, आपल्याविरुद्ध. लोक तुला शिव्या देतील हं."

"द्यायलाच हव्यात. नाही दिल्या तर वाईट वाटेल."

"काही हवं असेल तर बोल. समितीपुढे मांडतो."

हेडलीने डोकं खाजवलं. खेळ संपला की दोन्ही संघ अंघोळीला आपापल्या हौदात उतरत. घरच्यांचा हौद मोठा, पाणी कढत, आणि संघातले सगळे तेराजण त्यात बसून गाणी म्हणत. पाहुण्यांसाठी पलीकडे वेगळा होता.

"एवढंच करा, साहेब," तो म्हणाला. "शनिवारी सामना झाला की मला आपल्याच हौदात अंघोळ करू द्या."