सुजाताचं लेटरिंग

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. आज तुमच्यापाशी का बोलतेय, ते मलाही नीट ठाऊक नाही. तुम्ही सुजाताला ओळखत नाही, म्हणून सोपं जात असेल कदाचित.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नगरच्या आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स करत होते. म्हणजे यंत्रांच्या भागांची चित्रं काढायची, मापासकट. वर्गात मुली दोघीच — मी आणि सुजाता. मी सुप्याजवळच्या आमच्या गावाहून एसटीनं यायचे, ती भिंगारहून सायकलवर. तिचे वडील लष्कराच्या छावणीत माळीकाम करायचे. आम्ही शेजारी बसायचो, एकमेकींच्या डब्यातलं खायचो. तिच्या डब्यातलं मी खाते, हे मात्र मी घरी कधी सांगितलं नव्हतं. त्यांची वस्ती, त्यांच्या घरातला बुद्धाचा फोटो — यातलं काहीच मी घरी बोलले नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तेव्हा मला ते लपवणं वाटलंही नव्हतं.

कोर्स संपला. आता नोकरी कुठून मिळायची? सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून सगळेच येत आणि वाट बघत बसत. ज्यांचं जमायचं त्यांचं ओळखीनं जमायचं — कुणी संचालक, कुणी पुढारी, पाहुण्यांतला कुणी साहेब. सुजाताच्या घरी शब्द टाकणारं कुणी नव्हतं. पण तिनं फळा शोधून काढला.

नगरात अमोनिया प्रिंटचं एक दुकान होतं. नकाशांच्या, ड्रॉइंगच्या प्रती तेव्हा तशाच निघायच्या. आत शिरलं की वासानं डोळ्यांतून पाणी यायचं. आर्किटेक्ट असो, कंत्राटदार असो की कारखानेवाला, ज्याला ड्राफ्ट्समन लागतो त्याला त्या दुकानात यावंच लागायचं. म्हणून दुकानवाल्या काकांनी बाहेर एक फळा टांगला होता. त्यावर फक्त आमच्या कामाच्या जागा, खडूनं लिहिलेल्या. दुसरी कसलीच नोकरी नाही. सुजाता एक दिवसाआड तो फळा वाचून यायची.

"इथं आडनाव न्हाई विचारत गं," ती म्हणायची. "आधी काम दाखव म्हणतात."

एक दिवस फळ्यावर सुप्याच्या एका कारखान्याची जागा लागली. ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन पाहिजे, मुलगी चालेल. जागा एकच. सुजातानं ती वाचली आणि सरळ एसटीत बसून दुपारी आमच्या गावी आली — मला सांगायला. तुला घराजवळ पडेल, दोघी मिळून परीक्षा देऊ, कुणाचंही होईल, म्हणाली. आईनं तिला चहा दिला. कोणत्या कपात दिला, ते मला आठवतं. मी तेव्हाही काही बोलले नाही.

हे मी उगाच लांबवतेय का? असेलही.

त्याच दिवशी मी मामाच्या कानावर घातलं. मामाची बरीचशी जमीन त्या कारखान्यात गेली होती आणि उरलेल्या रानातून त्यांची पाण्याची लाइन जायची होती. मोठे साहेब मामाकडे येऊन बसायचे. मामा म्हणाला, "परीक्षा दे तू. बाकीचं मी बघतो. कुनाला बोलू नको फक्त."

मी मान हलवली. आमच्याकडे सगळेच असं करत होते, मला त्यात वावगं वाटलं नाही. मग "बोलू नको" एवढंच मनात का अडकून बसलं?

कारखान्यातच परीक्षा झाली, आम्ही पाच-सहा जण होतो. टेबलावर लोखंडाचा एक ओतीव भाग ठेवला होता. मापं घेऊन त्याची समोरून, वरून आणि बाजूनं दिसणारी चित्रं काढायची होती. उजव्या बाजूनं दिसणारं चित्र आमच्या पद्धतीत डावीकडे काढतात. मी ते उजवीकडे काढलं. पहिल्या वर्षाची पोरं करतात ती चूक. कागद दिल्यावर लक्षात आलं आणि खरं सांगू, फारशी धडधड झाली नाही. मामानं शब्द टाकला होता ना.

तिच्या नगरकडे जाणाऱ्या एसटीची वाट बघत आम्ही फाट्यावर उभ्या होतो. सुजातानं विचारलं, बाजूचं चित्र कुठं काढलंस? डावीकडे, मी म्हणाले. हे पहिलं खोटं. तिला बरं वाटलं. मग दोघींचं बरोबर आलं, म्हणाली.

नोकरी मला लागली.

सुजाता भेटायला आली ती हसतच. पेढा खाल्ला, पाठीवर थाप मारली. मग जरा वेळानं, दोघीच असताना, विचारलं, "माझं काय चुकलं असंल गं? तू शेजारी होतीस. कायतरी दिसलं असंल की."

आता इथं मी काय म्हणू शकले असते? मामाचं नाव घेऊ शकले असते. तेवढी हिंमत नव्हती तर "काय माहीत" म्हणू शकले असते. तेवढ्यानंही भागलं असतं. पण ती माझ्याकडे बघत राहिली आणि मला वाटलं, काही कारण दिलं नाही तर ही खोदत राहील. खोदता खोदता मामापर्यंत पोचेल.

मी म्हणाले, "तुझं लेटरिंग जरा मोठं आलं होतं. वेडंवाकडं पण. ते लोक आधी तेच बघतात."

लेटरिंग म्हणजे चित्राखाली, मापांवर काढायची अक्षरं. आणि सुजाताचं लेटरिंग — आमचे सर तिचा कागद वर्गात सगळ्यांना दाखवायचे. छापल्यासारखी अक्षरं. मला कधी तशी जमली नाहीत. खोटं बोलायला शंभर गोष्टी होत्या, मी नेमकी तीच का उचलली? मी स्वतःला खूपदा विचारलंय. जे उत्तर येतं ते चांगलं नाही. मला ती अक्षरं सलत होती.

तिनं विश्वास ठेवला. मैत्रीण कशाला खोटं सांगेल? घरी जाऊन ती अक्षरं गिरवायला लागली, एक-दोन महिने. मी रविवारी गेले की जुन्या कागदांच्या पाठीवर काढलेल्या ओळीच्या ओळी दाखवायची, आता बघ म्हणायची. मी बघायचे. सुधारलंय, म्हणायचे. सुधारायला काही नव्हतंच. उलट एवढं जपून काढताना तिचा हात आखडला होता, अक्षरं खरंच बिघडत चालली होती. ते मला दिसत होतं.

पुढे फळ्यावरच्या आणखी दोन जागांसाठी ती गेली. एका आर्किटेक्टकडे तिनं स्वतःच सांगून टाकलं — माझं लेटरिंग कच्चं आहे. त्यांनी कागदसुद्धा उघडून बघितला नाही म्हणे. हे तिनंच मला सांगितलं, हसत. त्यानंतर तिनं फळा वाचायला जाणं सोडलं.

माझं काय झालं? चांगलं झालं. दुकानवाले काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आपल्या फळ्यावरून पोरगी सुप्याला लागली, ना ओळख ना पाळख. आयटीआयनं मला नव्या मुलींपुढे बोलायला बोलावलं. मी गेले. वशिल्याच्या मागे लागू नका, आपल्या कामाचा फळा शोधा, असं बोलले. मुली लिहून घेत होत्या. बोलताना माझा आवाज कुठंही अडकला नाही, याची मला आज भीती वाटते.

काही वर्षांनी आईला घेऊन शिर्डीला गेले. राहायला हॉटेल शोधत होतो आणि एका काउंटरच्या मागे सुजाता. बहिणीच्या यजमानांनी तिथं लावून दिलं होतं, लग्नही तिकडेच झालं होतं. मला बघून ती बाहेर आली, आईच्या पाया पडली, गर्दीतही खोली काढून दिली. शेजारच्या मुलीला म्हणाली, "ही आमची मंगल. फळ्यावरच्या एकाच जागेसाठी आमी दोघींनी परीक्षा दिली हुती. हिचा हात माझ्यापेक्षा सरस, म्हणून ही लागली."

मी तिथं उभी होते. मामा तोवर गेला होता. माझी नोकरी पक्की होती. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला होता आणि अक्षरं आता तोच काढत होता. खरं बोलले असते तर माझं काहीच जाणार नव्हतं. आई बाकावर बसून पाणी पीत होती. सुजातानं विचारलं, अजून हातानं काढतेस का काही? क्वचित, मी म्हणाले. मला आठवण येते गं, ती म्हणाली. पण मला जमलं नसतंच ते.

मी म्हणाले, "असं काही नसतं."

एवढंच म्हणाले. तिला तो माझा मोठेपणा वाटला आणि तिनं माझा हात दाबला. मग मी खोलीची किल्ली घेतली आणि आईला घेऊन वर गेले.

दुसऱ्या दिवशी निघताना काउंटरवर दुसरं कुणी होतं. सुजाता दुपारच्या पाळीला येईल, थांबता का, असं त्यानं विचारलं. आई थांबू या म्हणत होती. मी म्हणाले, गाडी चुकेल. गाड्या दर अर्ध्या तासाला होत्या.