पासपोर्ट जमा आहे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. भावाला नाही, आईला तर नाहीच नाही, आणि परदेशात भेटणाऱ्या त्या चार दिवसांच्या मैत्रिणींनाही नाही – ज्यांना माणूस एरवी काहीही सांगून मोकळा होतो, कारण परत भेट होणार नसते. तुम्हालाच का सांगतेय? कदाचित तुम्ही मला वडीगोद्रीच्या फाट्यावर अडवून काही विचारणार नाही, म्हणून असेल.

माझे वडील – आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो – गेले, तेव्हा मी आले नाही. का आले नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ‘वैजूचा पासपोर्ट तिकडच्या सरकारनं ठेवून घेतल्ता.’ हायवेवरच्या कुठल्याही टपरीवर विचारा, हेच सांगतील. वर चहा देतील आणि हळहळतील. त्या हळहळीच्या सावलीत मी इतकी वर्षं बसलेय.

ते खोटं आहे, हे तुमच्या एव्हाना लक्षात आलंच असेल. पण किती खोटं? ते कळायला आधी माझं जगणं थोडं सांगावं लागेल.

मला घर नाही. म्हणजे रस्त्यावर आलेय असं नाही – मीच नको म्हटलं. पुण्यातली नोकरी सोडली, भाड्याची खोली सोडली, लग्न तर केलंच नव्हतं. एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना लॅपटॉपवरून उत्तरं देते; ‘तुमची अडचण आम्ही समजू शकतो’ हे वाक्य झोपेतही म्हणेन. हे काम कुठूनही जमतं. मग कधी व्हिएतनाम, कधी जॉर्जिया, कधी थायलंड. ऐकायला छान वाटतं ना? पण असं जगणाऱ्या बाईच्या डोक्यात समुद्र फार थोडा असतो, व्हिसाच जास्त असतो. इथली मुदत कधी संपते? वाढवून मिळेल का? की बसनं शेजारच्या देशात जायचं, तिथं चहा प्यायचा आणि नवा शिक्का घेऊन उलट पावली परत यायचं? पाहुणी म्हणून आलीस ना, मग पाहुणीसारखी अधूनमधून उठून जा – एवढंच प्रत्येक सरकारचं म्हणणं असतं. आणि प्रत्येक अर्जावर एक रकाना असतो, कायमच्या पत्त्याचा. तिथं मी अण्णांचं घर लिहीत आले. वडीगोद्री, तालुका अंबड, जिल्हा जालना.

त्या पत्त्यासाठी अण्णा एकदा खोटं बोलले होते. नाही – ते त्याला खोटं मानत नसत. पासपोर्टचं नूतनीकरण होतं, चौकशीला पोलीस घरी आला, आणि मी नेमकी पुण्याला गेलेली. पोरगी इथंच राहते का, असं त्यानं विचारलं. अण्णा म्हणजे मोसंबीच्या व्यापाऱ्याला ‘खालच्या थरातलं फळ जरा बारीक हाय’ असं स्वतःहून सांगणारा माणूस. ते क्षणभर घुटमळले, मग त्यांनी पोलिसाला आत नेऊन माझं अंथरूण दाखवलं, कपाटातले कपडे दाखवले, उंबऱ्याजवळची चप्पल दाखवली. मला फोनवर सांगताना म्हणाले, “इथं तुझं अंथरूण हाय, मंग राहती म्हणलं तर खोटं कसं?” त्या दिवसापासून माझी एक चप्पलजोडी कायम दारात असायची. मी असो नसो. पावसाळ्यात ते ती धुऊन वाळवून पुन्हा जागच्या जागी ठेवत.

गावात माझ्याबद्दल काय बोललं जायचं, याची कल्पना तुम्ही करू शकता. एवढी मोठी झाली, लगीन न्हाई, घर न्हाई, असती तरी कुठं? अण्णा सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे – कामाला गेली हाय. हे त्यांनी माझ्यासाठी वर्षानुवर्षं केलं, आणि कधी बोलून दाखवलं नाही.

मग त्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हा मात्र मी आले, हे सांगायला हवं – लगेच आले, त्यांच्याजवळ राहिले, त्यांना पेज भरवली. निघायच्या दिवशी गाडी दारात उभी असताना अण्णांनी उजव्या हातानं माझं मनगट धरलं. आई हसत म्हणाली, सोडा की आता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, तोही हसला. अण्णा सोडेनात. शेवटी मीच त्यांची बोटं एकेक करून उलगडली. संभाजीनगरच्या विमानतळापर्यंत मनगटावर वळ होते.

मला गाडीत रडू यायला हवं होतं, नाही का? रडू नाही आलं. भीती वाटली. हा हात मला इथंच ठेवून घेईल, अशी भीती. गावाकडचा रस्ता मागं पडत गेला तसं मला हलकं वाटत गेलं. याची लाज तेव्हा वाटली नाही, पुढं वाटली.

त्यानंतर काही महिन्यांनी दादाचा फोन आला. मी तेव्हा थायलंडमध्ये होते, उत्तरेकडच्या एका लहान गावात. सकाळची वेळ होती, मी बाहेरच्या बाकावर पपई खात होते. दादा म्हणाला, “अण्णांचं काही खरं न्हाई आता. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं. दाराकडं तोंड करून पडून राह्यले. जल्दी ये.”

आणि मी – मी ज्या आवाजात गिऱ्हाइकांशी बोलते, त्याच आवाजात म्हणाले, “दादा, पासपोर्ट जमा आहे. मुदत वाढवायला दिलाय. तो परत मिळाल्याशिवाय देश सोडता येत नाही.”

पासपोर्ट माझ्या कमरेच्या पाकिटात होता. बोलताना मी त्यावर हात ठेवला होता.

आधी ठरवून बोलले का? नाही. जिभेवर तयारच होतं, जसं काही कुणी आधीच लिहून दिलं होतं. दादानं उलट एक शब्द विचारला नाही. उलट मलाच म्हणाला, काळजी करू नको, तुझ्या हातात काय हाय. आमच्या घरात विमानात बसलेली मी एकटीच. व्हिसा काय असतो, मुदत काय असते, हे त्यांना कोण सांगणार? मीच. मी सांगेन तेच त्यांच्यासाठी जगाचे कायदेकानून.

अजून राहिलंय. एवढंच असतं तर कदाचित मी कधीतरी सांगून टाकलं असतं.

माझी मुदत खरोखरच संपत आली होती. देश सोडणं मला भागच होतं. लाओसच्या सीमेवर जाणाऱ्या गाडीत माझी जागा आधीच ठरलेली होती. कळतंय ना तुम्हाला? देश सोडता येत नाही, असं मी भावाला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मी देश सोडला. बाहेर पडल्याचा शिक्का घेतला, बसनं नदीवरचा पूल ओलांडला, पलीकडे गोड कॉफी प्यायले. तिथून उलट फिरून परत आत शिरण्याऐवजी विमानतळाकडे निघाले असते, तर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मी वडीगोद्रीत असते. ते वळण मी पाहिलं होतं. रिक्षावाला विचारतही होता.

परतीच्या रांगेत उभी असताना दादाचा निरोप आला. अण्णा गेले. खाली आणखी एक ओळ होती – ‘थांबू का तुझ्यासाठी?’ मी लिहिलं, थांबू नका. तेवढ्यात रांग पुढं सरकली, म्हणून मीही सरकले. खिडकीतल्या माणसानं काचेवर बोटं ठेवायला सांगितली. ठेवली. कशासाठी आलात? फिरायला? असं त्यानं इंग्रजीत विचारलं. मी हो म्हटलं.

दहाव्याला शहागडला गोदावरीच्या काठी सगळे जमले होते. दादाच्या मुलीनं, ऋतुजानं, मला दिसावं म्हणून फोन वर धरला होता. पिंड मांडले आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर चार-पाच बसलेले, पण एकही खाली येईना. दादानं हात जोडले, मोसंबीची बाग मोडणार नाही म्हणाला. चुलत्यांनी काही कबूल केलं. ऊन चढत चाललं होतं, लोक कुजबुजायला लागले. मग आई पुढं झाली. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, “वैजूची वाट पाहू नका. तिचा पासपोर्ट सरकारनं ठेवून घेतलाय. तिला यायचं व्हतं.”

आणि कावळा आला.

आला, पिंडाला शिवला, उडाला. लोकांनी सुस्कारा सोडला. आईनं डोळे पुसून फोनकडं पाहिलं आणि मान हलवली – झालं बाई, ऐकलं त्यांनी. मी देवाधर्माचं फार मानणारी नाही. कावळा भुकेला असेल, लोक जरा मागं सरकले असतील. पण मी त्या दिवसापासून एकाच गोष्टीचा विचार करून राह्यले – बघा, बोलीच आली – की दाराकडं तोंड करून पडलेल्या माणसाला अखेर जे पोचलं, ते माझं खोटं होतं. ते त्यांनी मानून घेतलं. जसं माझ्याबद्दलचं सगळंच मानून घेतलं होतं.

दोन महिन्यांनी घरी गेले तेव्हा आई मला हाताला धरून फोटोपुढं घेऊन गेली आणि फोटोला म्हणाली, “सोडलं बघा तिला.” माझी चप्पल दारात होती, धुतलेली. आता ती आई धुते.

मी त्यानंतर पुष्कळ देश केले. प्रत्येक सीमेवर काचेवर बोटं ठेवायची वेळ आली की मला मनगटाशी पकड जाणवते. बोटं नीट उमटत नाहीत, पुन्हा ठेवायला सांगतात. मागचे लोक वैतागतात. मी पुन्हा ठेवते.

तरीही मी गप्प राहिले असते. पण गेल्या वर्षी ऋतुजाचा फोन आला. ती नर्सिंग शिकली, तिला जर्मनीतल्या एका दवाखान्यात काम मिळत होतं, भाषेची परीक्षाही पास झाली होती. आईनं अन्नपाणी सोडायचंच बाकी ठेवलं. तिकडं बापाच्या मरणालाही येऊ देत न्हाईत, पासपोर्ट काढून घेतेत, मी डोळ्यानं पाह्यलंय – असं ती म्हणत होती, आणि दादा तिच्यापुढं नरमला होता. ऋतुजानं मला विचारलं, “आत्या, खरंच तसं असतंय का? तू आज्जीला सांग ना. तुझंच ऐकंल ती.”

एक वाक्य बोलायचं होतं. एकच. ते बोलले असते तर पोरगी गेली असती आणि मी आईच्या मनातून कायमची उतरले असते.

मी म्हणाले, “कुठं कुठं ठेवून घेतात गं.”

ती बरं म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. आता ती जालन्यात एका दवाखान्यात काम करते. भेटली की नीट बोलते, मला चहा करून देते. अण्णा असते तर त्यांनी तिला धाडलं असतं, आणि दारात तिचीही चप्पल ठेवली असती. हे तिला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही.

पासपोर्ट कुणी ठेवून घेतला नव्हता. तो माझ्या कमरेला होता. मला येता येत होतं. मी आले नाही.