अमुकच्या जागी

माणूस जिवंत असतानाच त्याचं उत्तरकार्याचं कार्ड तयार ठेवणारा अख्ख्या कोल्हापुरात एकच गृहस्थ होता, आणि ते म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. कसबा बावड्याला त्यांचं कार्डं छापायचं दुकान. पंचाण्णव-शहाण्णव साली, पन्नाशी उलटल्यावर, कॉलेजच्या पोरांत बसून त्यांनी सी भाषेचा क्लास केला आणि तिथं त्यांना टक्का-एस भेटला. वाक्य लिहायचं, नावाच्या जागी टक्क्याची खूण आणि एस, आकड्याच्या जागी टक्का-डी. नावं मागून ओळीनं दिली की कॉम्प्युटर ती जागच्या जागी बसवतो. आपलं अमुक-तमुकच की हे! पण आतोबांना साक्षात्कार झाला. 'टक्का-एस यांचे वयाच्या टक्का-डी व्या वर्षी दुःखद निधन झाले' एवढं त्यांनी एकदाच लिहून ठेवलं. "माणसं बदलत्यात, वाक्य बदलत न्हाय," म्हणायचे. आजाऱ्याला बघायला गेले की मोसंबी ठेवून हळूच विचारायचे, "वय काय धरायचं?" घरची माणसं हादरायची. एका लग्नात उखाण्याचा आग्रह झाला, तर "टक्का-एसचं नाव घेतो" म्हणून मोकळे! आत्या आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

एकदा त्यांनी नावांचा क्रम उलटा दिला. कागलचा एक गडी डोकं भादरलेला, हातात कार्ड घेऊन दुकानात शिरला. "पावणं, मी मेलोय व्हय?" कार्डात तो कैलासवासी आणि त्याचा बाप शोकाकुल! आतोबांनी चष्मा लावून कार्ड निरखलं. "टक्के बरोबर हायत. नावं फिरलीत." गडी चवताळला, पण बापाचं नाव परत जित्या माणसांत बघून मटकन खुर्चीत बसला आणि रडला. नवी कार्डं नेताना जुन्यातलं एक चुकीचंही त्यानं मागून घेतलं.

अशा माणसावर माझा जीव होता. पण एका बाबतीत ते साफ चुकले. त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, आमच्या ताईनं, बौद्ध घरातल्या एका मास्तराशी लग्न केलं आणि राधानगरीला गेली. त्या दिवसापासून आतोबांनी तिचं नाव तोंडातून काढलं नाही. आत्याच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा तिनं माझ्यादेखत सांगितलं, "माझ्या कार्डावर माझ्या लेकीचं नाव पायजे. दुसरं काय मागत न्हाय." आतोबा खिडकीबाहेर बघत राहिले. नुसतं 'व्हय' म्हणायला काय जात होतं? मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला.

आत्या गेली. ताई आली, आईला बघून बाहेरच्या बाहेर निघून गेली. चौथ्या दिवशी आतोबा कॉम्प्युटरपुढं बसले. पहिला कागद मी उचलला. आत्याचं नाव, वय, सगळं नीट. खाली शोकाकुलमध्ये 'कन्या' आणि पुढं मोडकीतोडकी, अर्थ नसलेली अक्षरं.

"जागा ठिवली आन नाव न्हाय दिलं," ते म्हणाले, "की मेमरीत हाताला लागंल ते छापतंय."

"मग नाव द्या, न्हायतर जागा काढा."

जागा काढायला दोन कळा पुरल्या असत्या. ते तासभर बसून राहिले. शेवटी 'कन्या' पुढं कोरी रेघ ठेवून त्यांनी तीनशे कार्डं छापली, पिशवीत भरली आणि मला घेऊन राधानगरीची एसटी धरली.

ताईनं दार उघडलं, आत या म्हणाली नाही. आतोबांनी एक कार्ड आणि पेन पुढं केलं. "तुझं तू लिव." ताईनं कार्ड चौकटीला टेकवून नाव लिहिलं, पुढं नवऱ्याचं आणि त्याचं आडनाव, सगळं पुरतं.

"बाकीची तुमी लिवा, आबा," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

परतीच्या एसटीची वाट बघत ते स्टँडच्या बाकावर बसले आणि एकेक कार्ड गुडघ्यावर घेऊन लिहू लागले. मी निम्मी मागितली, दिली नाहीत. दर कार्डावर पुरतं नाव, जावयासकट. गाड्या येत होत्या, जात होत्या. मध्येच थांबून म्हणाले, "तुझ्या आत्याला नुसतं व्हय म्हणायचं हुतं रे." त्यांनी पुढचं कार्ड घेतलं.