बर्फ पुरेल तेवढी वाट

मुलगी डिसेंबरात पुण्याहून चिचगडला आली ती पाठीवर हे एवढं बोचकं घेऊन. मला वाटलं, धुवायचे कपडे आणले असतील. आतून निघाला एक तंबू, झोपायच्या दोन पिशव्या, मुठीएवढा स्टोव्ह आणि नकाशांची गुंडाळी. नोकरी लागल्यापासून तिला डोंगर चढायचं वेड लागलं होतं, हे फोनवर ऐकून माहीत होतं. ते घरापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं.

"आई, चार दिवसांची रजा आहे. त्यातले तीन दिवस आपण इथल्या डोंगरात चालायचं. सामान पाठीवर, मुक्काम डोंगरातच. रस्ता तू निवड. सुंदर पाहिजे. आणि तू सोबत यायचंस, नाहीतर मीही जात नाही."

मी कुकरची शिटी बसवत होते. "कायले? एसटी बंद पडली का?" मी म्हटलं.

ती हसली नाही. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

माझ्या रिटायरमेंटला तेव्हा तीन महिने उरले होते. मी सरकारी दवाखान्यात नर्स. १९९९ मध्ये बदली होऊन इथं, देवरी तालुक्यात आले, तेव्हा ही पोर दहा वर्षांची होती. तेव्हापासून लसीचा निळा डबा खांद्याला लावून मी या डोंगरांमधल्या टोल्या, म्हणजे पाच-दहा घरांच्या वस्त्या, पालथ्या घातल्या. रस्ता जिथं संपायचा तिथून माझी ड्यूटी सुरू व्हायची. माझं माहेर कामठ्याचं, सपाट धानाच्या बांध्यांमधलं. चढ म्हणजे काय हे मला नोकरीनेच शिकवलं. आता दोन्ही गुडघे जिना उतरताना कडकड वाजत होते, आणि रिटायर झाल्यावर मी एकच गोष्ट करणार होते, ती म्हणजे बसणार होते. चालणं ही कोणाची हौस असू शकते, हेच मला पटत नव्हतं. हौसेला मोल नाही म्हणतात, पण माझे गुडघे काही हौसेनं झिजलेले नव्हते.

"मले नाही येवाचा," मी सांगून टाकलं. "रस्ता काढून देते. तू आन् तुझे मित्र जा."

"मित्रांसोबत मी सह्याद्रीत जाते. इथं तुझ्यासोबत जायचंय."

जेवणं झाल्यावर तिने ओसरीत नकाशे पसरले. वारा होता म्हणून कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. तिचे बाबा बाजूच्या बाजेवर पडले होते. एसटीत कंडक्टर होते ते, नोकरीभर दोन दिवसांआड घरी यायचे, आता रिटायर होऊन पेपर वाचतात आणि सगळ्यांना सल्ले देतात. नकाशावर डोंगर म्हणजे एकात एक काढलेल्या वाकड्या रेघा. मला आधी काही उमजेना. मग तळं सापडलं, नाला सापडला, आणि नाल्यावरून सगळ्या वाटा आपोआप डोळ्यांपुढे आल्या.

"यातली सगळ्यात सुंदर जागा कोणती?" तिने पेन हातात दिला.

मी पाहत बसले. कोणता नाला श्रावणात कमरेला लागतो ते मी सांगू शकत होते. कोणत्या घरचा कुत्रा चावतो, कोणत्या आंब्याखाली डबा उघडायला सावली मिळते, कोणत्या टोलीत लेकरं आपल्याला पाहताच शेतात पळतात, सगळं तोंडपाठ. सुंदर? आठवेना. दुरून डोंगर साजरे असतात म्हणे. मला ते दुरून पाहायला फुरसत नव्हती आणि जवळून पाहायला दम उरत नव्हता.

"तिले काय विचारून राहिली?" बाजेवरून आवाज आला. "तुझी माय सारी हयात पायाखाली पाहून चालली. वरती आभाळ आहे का नाही, तेबी तिले मालूम नसन."

मला राग आला. खरं बोललं की येतोच. मी पेन उचलला आणि भराभर तीन दिवसांचा रस्ता काढून दिला. पहिला दिवस तळ्याच्या अंगाने मोहाच्या झाडीपर्यंत. दुसरा दिवस नाल्याकाठाने. तिसरा दिवस बांबूच्या बनातून पायथ्यापर्यंत. कुठंही मोठी चढण नाही, पाणी जागोजागी. मला वाटलं, झालं काम. इतका सोयीचा रस्ता या मुलीला कोणी काढून दिला नसता.

तिने कागद जवळ ओढला. मग बोटाने रेघ धरून फिरवली, एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही वेळा बोट चिचगडात आमच्या घरापाशीच येऊन थांबलं.

"आई, हा तीन दिवसांचा रस्ता नाही. हा एकच दिवस तीन वेळा आहे."

तिचे बाबा मोठ्याने हसले. मीही हसले असते, पण तेवढ्यात कागदाकडे नजर गेली. मुक्कामाचा रस्ता काढायचा होता आणि माझ्या हाताने तिन्ही रेघा संध्याकाळच्या आत घरी आणून सोडल्या होत्या. मला दुसरा रस्ता येतच नव्हता. डब्यात लसीच्या बाटल्यांभोवती बर्फाची चार पाकिटं असायची. पाकिटं सकाळी दवाखान्यातून गोठलेली घ्यायची, आणि संध्याकाळी उरलेली लस तिथंच परत द्यायची. उन्हात लस खराब होते. बाटलीवरचा छोटा चौकोन काळा पडला की फेकायची. म्हणून बर्फ पुरेल तेवढंच जायचं आणि बर्फ आहे तोवर परतायचं. टोलीतल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, "रायजो ना बाई आजची रात, काऊन पळून राहिली?" मी एकदाही राहिले नाही. माझे डोंगर तासांनी मोजलेले होते.

हे मी तिला सांगायला लागले, तर म्हणाली, "बर्फाचं मला माहीत आहे."

"तुले काय माहीत?"

"मीच तर मोजायचे."

मला आठवलं. आमचं क्वार्टर दवाखान्याच्या आवारातच. मी परत आले की आधी ही पायरीवर बसलेली दिसायची. तिचे बाबा ड्यूटीवर, घरात दुसरं कोणी नाही. डबा टेकवला की झाकण काढून हात आत घालायची. कधी पाकीट गालाला लावून नाचायची, तर कधी हात बाहेर काढून एक शब्द न बोलता आत निघून जायची. मी समजायचे की बर्फाशी खेळते, पोरच आहे. मुकाट आत गेली की म्हणायचे, घुमी आहे, बापावर गेली.

"पाकीट टणक असलं की तू जवळ गेली होतीस," ती नकाशाकडे पाहून बोलत होती. "अर्धं वितळलेलं असलं की मधल्या कुठल्या तरी टोलीला. आणि उन्हाळ्यात कधीकधी चारही पाकिटांचं नुसतं पाणी असायचं. त्या दिवशी अंधार पडायचा तुला यायला. मी पायरीवर बसून विचार करायचे, एवढा बर्फ संपतो म्हणजे किती दूर असेल ते. तू कधी सांगितलं नाहीस, आणि मी कधी विचारलं नाही. मला सुंदर-बिंदर काही नको आई. त्या दिवशी तू कुठं जात होतीस, ते मले पाहाचा आहे."

बाजेवरचा पेपर खाली आला.

मला फार वाईट वाटलं. आणि त्याहून जास्त थकवा आला. इतकी वर्षं मला वाटायचं, मी चालले आणि ती घरी सुखरूप बसली. ती बसली नव्हती. माझ्या प्रत्येक पावलामागे ती पायरीवरून चालत होती, आणि तिच्याजवळ तर रस्ताही नव्हता, फक्त गार पाण्याची चार पाकिटं होती. नोकरी होती, लेकरांच्या जिवाचा प्रश्न होता, हे सगळं खरं. त्या टोल्यांमधली लेकरं आज धावत आहेत, हेही खरं. पण माझं एक पोर बर्फाचा हिशेब करत पायरीवर बसलेलं होतं आणि मी त्याला घुमी म्हणत होते.

मी दुसरा कागद घेतला. दवाखान्यापासून रेघ काढली, नाला ओलांडला, पहिला डोंगर चढले, पठारावरून दुसऱ्याच्या खिंडीत शिरले. हात हळूहळू जात होता, कारण ती चढण माझ्या गुडघ्यांना आठवत होती. खिंडीपलीकडच्या शेवटच्या टोलीशी येऊन पेन थांबला. सवयीने तो परत वळायला लागला होता. मी तो उचलला आणि तिथं 'मुक्काम' असं लिहिलं.

"आणि तिथून पुढं?" तिने विचारलं.

"पुढचा मले मालूम नाही. मी तिथूनच परत फिरत होती."

"मग दुसऱ्या दिवसापासून दोघींलेबी नवीन," ती म्हणाली आणि नकाशा माझ्याकडे सरकवला.

गुडघ्याला बांधायचे पट्टे कपाटात कुठंतरी होते. ते शोधायला मी उठले.