लिंबोणीची साक्ष

शकुनबाई अंभोरे यांनी अकोल्यातल्या एका दवाखान्यात तेहतीस वर्षं नर्सची नोकरी केली. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या लिंबोणीपुढे खुर्ची टाकली आणि रोज सकाळी अर्धा तास तिथे बसू लागल्या. बायबल मांडीवर असायचं, पण बहुतेक वेळा मिटलेलंच. त्या झाड पाहायच्या. पाखराच्या शिटेसारखी दिसणारी अळी चार दिवसांत हिरवीगार कशी होते, काट्याला लागूनच कळी कशी येते, हे बघताना प्रभू आपल्याशी बोलतो असं त्यांना वाटायचं. त्यात ढोंग नव्हतं. त्या अर्ध्या तासात सुनेनं, आचलनं, हाक मारायची नाही एवढा मात्र घरचा नियम होता. मुलगा अमोल नांदगाव पेठेत कापडगिरणीत कामाला. तो रविवारपुरता घरी यायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात नळ आठवड्यातून एकदा येत होता. ड्रमातलं पाणी झाडाला घालायचं नाही, आधी माणसं, असं शकुनबाईंनी आचलला बजावलं होतं. शेजारपाजारची झाडं वाळली. लिंबोणी हिरवी राहिली आणि दिवाळीआधी फळांनी वाकली.

चर्चच्या मंडळीच्या हंगामाच्या सणाला प्रत्येक घर शेतातलं नाहीतर अंगणातलं पहिलं फळ वेदीपुढे ठेवतं, आणि ज्याला सांगायचं असेल तो साक्ष देतो. शकुनबाई टोपलीभर लिंबं ठेवून उभ्या राहिल्या. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात या झाडाला कुणा माणसानं तांब्याभर पाणी घातलं नाही, ते प्रभूनंच जगवलं, असं त्यांनी सांगितलं. सगळी मंडळी आमेन म्हणाली. पाळकांनी डोळे पुसले.

जेवणाला शेजारच्या गोदाबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. चार बायकांसमोर त्या हसत म्हणाल्या, "शकुनबाई, कोनंच पानी नाही घातलं म्हनता? तुमची सून रोज दुपारी बादली ओते. तुमी तवा झोपेल राहत होत्या. मी भिंतीवरून पाहो."

वाढणारीची पळी थांबली.

घरी विचारल्यावर आचलनं मान वर न करता सांगितलं, ड्रमातलं नव्हतं. ती प्लॅस्टिकच्या टबात बसून आंघोळ करायची आणि तेच पाणी ओतायची. साबणानं झाड मरेल म्हणून अंगाला बेसन लावायची. मग तेव्हाच का बोलली नाहीस, असं शकुनबाईंनी विचारलं.

"तुमी साक्ष देऊन राहिल्या होत्या, आई. मधात कसं बोलू?"

दुसऱ्या दिवशी शकुनबाईंनी पाळकांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. लोकांची श्रद्धा वाढली, आता राहू द्या, असं पाळकांनी समजावलं. पायऱ्या उतरताना शकुनबाईंना हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज घरापर्यंत सोबत आली.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा उभ्या राहिल्या. मागच्या वेळी मी खोटं बोलले, म्हणाल्या. मग सुनेनं काय काय केलं ते सगळं सांगितलं. टब, बेसन, काही सोडलं नाही. "मी पानावरची अळी पाहत बसले. बादली उचलणारी बाई मला दिसली नाही."

या वेळी आमेन आलं नाही. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खोकलं. तरी खाली बसताना त्यांना सुटल्यासारखं झालं.

ऑटोत आचल ओढणी तोंडाशी धरून बसली होती. तिला भरून आलं असावं, असं शकुनबाईंना वाटलं. अमोल मागे मित्रांशी बोलत थांबला होता. घराचं कुलूप काढल्यावर आचल म्हणाली, "माफी मागाची होती तं मले मागाची, आई. माह्या आंघोळीचं भर चर्चमधी कायले सांगतलं? तिथं अमोलचे मित्र बसले होते."

शकुनबाई दारातच उभ्या राहिल्या. ती माफी खरंच मागायची राहिली होती. त्यांनी तोंड उघडलं, तोवर आचल आत जाऊन परातीत पीठ घ्यायला लागली होती.