मागे राहिलेली झेन्झ

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचं दक्षिण टिरोल इटलीकडे गेलं. पुढे गावाने निवडलेल्या सरपंचाला घरी बसवून रोमच्या फॅसिस्ट सरकारने आपला नेमलेला कारभारी, पोदेस्ता, खुर्चीवर आणून बसवला, तेव्हा झेन्झ शाळेत होती. त्याला टिरोलची जर्मन येत नव्हती, गावाला त्याची इटालियन. शाळेत जर्मन बंद झाली, आणि तिच्या धाकट्या भावाचा, व्हिगिलचा कागदोपत्री व्हिजिलिओ झाला. आईबाप लवकर गेले, तेव्हा उतारावरचं शेत, चार गाई आणि हा भाऊ झेन्झनेच सांभाळला. गडी मोठा हसरा. त्याने शीळ घातली की गाई आपणहून खाली उतरत.

मग एकोणचाळीस साली रोम आणि बर्लिनने आपसात ठरवलं: जर्मन राहायचं असेल तर घरदार सोडून जर्मनीत जा, नाहीतर इथे इटालियन होऊन राहा. राहणाऱ्यांना पार दक्षिणेला, सिसिलीला धाडणार, अशी आवई उठली. व्हिगिलने जायचं ठरवलं. झेन्झने नाही म्हटलं, तर शेजाऱ्यांनी तिच्या दाराला शेण फासलं आणि गद्दार म्हणून हिणवलं.

बोल्झानोच्या स्टेशनात व्हिगिल म्हणाला, "ताई, अजून चल. अस्संच शेत देणारेत तिकडे."

"अरे, अस्संच म्हणजे हे नव्हे ना," ती म्हणाली.

गाडी गेली. पुढे लढाई पेटली, फॅसिस्ट गेले, नाझी आले, तेही गेले. व्हिगिलची काहीच खबर नव्हती. गाई उतरवताना झेन्झ त्याच्यासारखी शीळ घालून बघायची. जमायची नाही.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात तो सरहद्दीच्या खिंडीतून चालत आला; इटलीचं नागरिकत्व जाताना सोडलेलं, जर्मनीचं लढाईनंतर गेलेलं, आता कुठल्याच देशाचा नागरिक नसलेला. झेन्झ रडली, भाकरी-ताक पुढे ठेवलं. तो नुसता खात राहिला. बऱ्याच दिवसांनी, गवत कापता कापता बोलला.

"बोहेमियात घर दिलं होतं मला. चेक लोकांना हाकलून रिकामं केलेलं. खुंटीला लहान पोराचा कोट होता. कुणाचा म्हणून विचारलं, तर नाझी पक्षाचा माणूस म्हणाला, आता तुमचाच."

"मग?"

"मग काय. राहिलो ना मी तिथे, ताई."

एवढं बोलून त्याने पुन्हा विळा चालवला. त्यानंतर त्या घराचं नाव त्याने काढलं नाही. कामाला वाघ होता, पण हसला म्हणून कुणी पाहिला नाही. संध्याकाळी तो कुंपणाला टेकून उभा राही. झेन्झ जेवायला हाक मारी, आणि स्टेशनावर सोडलेला तो पोरगा आज तरी ओ देईल म्हणून दारात थांबे.